अहमदपुरात कॅरम कुणी आणला?

दुकानात मी दिवसातून दोनदा झाडू मारतो, तरी पायाखाली भुसा साचतोच. किस्स्यांचंही तसंच. नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी कॅरम बोर्ड बनवतो, त्यांना पॉलिश करतो. अहमदपूरच्या एसटी स्टँडमागं दुकान आहे. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, म्हणून माणसं माझ्यासमोर जरा जास्तच बोलतात!

सगळा घोळ यंदाच्या चषकामुळं झाला. दुकानात खेळायला जमणारी मंडळी दरवर्षी कॅरम स्पर्धा भरवतात. यंदा ठरलं, चषकाला नाव द्यायचं, आणि ते गावात कॅरम आणणाऱ्या माणसाचं. चषकाखालची पाटी रंगवायचं काम माझ्याकडं आलं. ‘अहमदपुरात कॅरम आणणारे कै.’ एवढं रंगवून मी थांबलो, कारण पुढचं नाव दोघांना आपापल्या घरचं हवं होतं.

बशीरचाचा म्हणाले, "माझे दादाजान निजामाच्या हैदराबादेत नोकरीला होते. येताना बोर्ड डोक्यावर घेऊन आले. हैदराबाद ते अहमदपूर, पायी!"

किशनकाका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. ते म्हणाले, "कॅरमचा जन्मच ब्रह्मदेशातला. माझा बाप पलटणीत होता तिथं. त्यानं आणला." मग आवाज खाली घेऊन मला म्हणाले, "बापाचं नाव सातबाऱ्यावर न्हाई, कुठल्या पाटीवर न्हाई. चषकावर तरी येऊ दे रं."

तेव्हापासून ती पाटी मी भिंतीकडं तोंड करून ठेवली.

*

कदम सर झेडपीच्या शाळेत शिकवतात. ते म्हणाले, "भांडता कशाला? मोबाईल कशाला आहे?"

वाचायला लागले. एका ठिकाणी लिहिलेलं, हा खेळ हिंदुस्थानातला. दुसरीकडं ब्रह्मदेशातला. तिसरीकडं पोर्तुगीजांचा. चौथीकडं थेट इथिओपिया!

किशनकाका म्हणाले, "म्हंजे त्याला बी ठाव न्हाई. मग एवढं कशाला बोलून राहिलंय?"

बशीरचाचांच्या मात्र इथिओपिया डोक्यात बसला. दोन डाव हरले. मग एकदम विचारलं, "सर, तिथं पावडर कुठून आणत असतील?"

*

मध्ये आम्ही नांदेडला स्पर्धेला गेलो. तिथला पंच म्हणाला, कॅरम पहिल्यांदा नांदेडातच आला, बाकी जिल्ह्यांत नंतर पसरला. शेजारी लातूरचा खेळाडू बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "येऊ दे कुठूनबी. पॅटर्न आमचाच!"

त्यानं पहिल्याच फेरीत आमच्या सरांना हरवलं.  परतीच्या गाडीत सर म्हणाले, "क्लास लावला असणार त्यानं."

*

शेवटी पुरावे आणायचं ठरलं.

बशीरचाचांनी माळ्यावरून दादाजानचा बोर्ड काढला. मोठा जड, काळा पडलेला. मी जपून पालथा केला, तर पाठीवर कारखान्याचा शिक्का : एमआयडीसी, लातूर!

किशनकाका टाळ्या पिटायला लागले. "निजामानं एमआयडीसी काढली व्हती व्हय, चाचा?"

"पाठ बदलली असंल नंतर."

"मग पुढची बाजू दाखवा की!"

पुढच्या बाजूला हल्लीचं प्लायवूड होतं. चाचा म्हणाले, "ती बी बदलली असंल."

दुसऱ्या दिवशी काकांनी ब्रह्मदेशातला फोटो आणला. चार शिपाई मांडी घालून बसलेले, मध्ये काहीतरी चौकोनी. सरांनी चष्मा लावला, फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "किशनराव, हे पत्र्याचं ताट आहे. चौघं जेवायला बसलेत."

काकांनी फोटो रुमालात गुंडाळला. म्हणाले, "जेवण झाल्यावर खेळले असतील." कुणीच हसलं नाही.

*

स्पर्धेच्या आदल्या दिवशी किशनकाका आपल्या आईला ऑटोत बसवून घेऊन आले. नव्वदीच्या आसपासची म्हातारी, नजर मात्र शाबूत. बशीरचाचाही म्हणाले, "ही सांगंल ते मान्य. माझी अम्मी आन् ही जानी दोस्त."

काकांनी विचारलं, "माय, गावात कॅरम कुणी आणला? माझ्या बापानंच ना?"

म्हातारी म्हणाली, "त्यांनी? त्यांना सोंगटी कशाशी खातात ते ठाव नव्हतं! मी माहेराहून आणला. दार लावून शिकवलं त्यांना. बाई शिकवती म्हणून लाजायचे."

"आन् माझे दादाजान?" चाचांनी घाबरत विचारलं.

"तुझा आजा? त्यानं एकदा बोर्ड मागून नेला आन् रांजणावर झाकला. महिन्यानं परत दिला, फुगवून!"

सर हसता हसता खुर्चीवरून घसरले. काका खाली बघत होते. म्हातारीचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. तिनं समोरच्या बोर्डावर हात फिरवला, स्ट्रायकर उचलला, आणि एका टोल्यात राणी कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये घातली!

मी ब्रश धरून उभा. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत तोंड उघडलं. "आज्जी, मग चषकावर नाव कुणाचं लिहू? तुमचं?"

"ह्या किशनच्या बापाचं लिही."

"पण कॅरम तर तुम्ही..."

"रोज हरायचे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढ्यात येऊन बसायचे. तसा गडी पुन्हा बघितला न्हाई." मग तिनं मला हातानं बाजूला केलं. "आता उजेडातून सरक. राणीच्या कव्हरची सोंगटी राहिलीय."