स्टँडवर न हरवलेला डूल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, गाईडना तर नाहीच. लग्नाकार्यात बायका मला मध्ये बसवून गोष्टी सांगायला लावतात, पण ही गोष्ट मी दर वेळी वळसा घालून टाळते. तुम्हाला सांगते.

चाळिशीला मला पीएच.डी.ची हौस आली. विषय सामाजिक मानसशास्त्राचा — दुसरी भाषा बोलणाऱ्या परक्या माणसाला लोक मदत करतात का? आपल्या बेळगाव-निपाणीकडं हे विचारायला पदवी कशाला लागते, असं सासूबाई म्हणाल्या. तरी माझी मुलं त्यांनीच सांभाळली.

प्रयोग सोपा होता. माझी धाकटी जाऊ कन्नड घरातली. तिनं निपाणी स्टँडवर कानातला डूल हरवल्याचं सोंग करायचं, कन्नडमधून मदत मागायची. मी लांबून बघायचं. मग पुढं होऊन मदत करणाऱ्याला खरं सांगायचं, माफी मागायची — हा नियमच. बहुतेक जण हसायचे. एकानं शिव्या दिल्या, त्याही मी आनंदानं घेतल्या.

मग एक दिवस एक अनोळखी बाई आल्या — बोरगावच्या आक्का, हे मला फार पुढं कळलं. जाऊ त्या दिवशी भलतीच रंगात — सासू घरात घेणार नाही म्हणून रडायलाच लागली. सासूबाई त्या घटकेला माझ्या पोरांना भात वाढत असतील! आक्का गुडघ्यांवर बसून धूळ चाचपू लागल्या. त्यांची बस लागली, सुटली, गेली. त्यांनी मान वर केली नाही. आणि मी? मी मनात म्हणत होते — वा, काय नमुना मिळाला!

खरं सांगायला पुढं गेले. आक्कांनी धुळीचे हात झटकत विचारलं, "तुमी बी हुडकाय आलाय व्हय?"

मी — काय सांगू? — मी वाकले आणि शोधायला लागले.

प्रबंधात लिहिलं, सर्वांना सत्य सांगण्यात आलं. डॉक्टर झाले.

पुढं मुलाचं लग्न झालं, आणि पंगतीत सुनेची मावशी म्हणून आक्काच समोर! त्यांनी मला ओळखलं नाही. धुळीत शोधताना कोण कुणाचं तोंड बघतं? जिलबी नको म्हणाल्या. मी आग्रह केला.

"गोड सोडलंय बघा. स्टँडावर एका कानडी पोरीचा डूल हरवलता. सासूनं घरात घेतली का न्हाय, कुणाला ठावं? ती सुखात हाय म्हणून कळंस्तवर खायाची न्हाय मी."

जिलबीचं ताट घेऊन आलेली माझी जाऊ तिथूनच माघारी वळली.

तेव्हा तरी बोलायचं की नाही? एका वाक्याचं काम होतं. पण मंडपात नवे सोयरे, कॉलेजची माणसं — मी म्हटलं, "केवढं मन हो तुमचं, आक्का." आणि भजी वाढली.

हल्ली मी कॉलेजात शिकवते. प्रयोग संपला की माणसाला खरं सांगायचंच, हे पोरांना पुन्हा पुन्हा बजावते. छान शिकवते, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात आक्का घरी आल्या. त्यांनी न सांगता मी बिनसाखरेचा चहा पुढं ठेवला. त्या सुनेला म्हणाल्या, "बघ गं, तुझ्या सासूच्या किती ध्यानात ऱ्हातंय."

सून कौतुकानं माझ्याकडं बघत होती. मी आक्कांना आणखी अर्धा कप दिला.