चार गुडघे

"सांधे गंजू देऊ नका!" असं म्हणत वकीलकाका कुणाच्याही घरी खुर्ची बाजूला सारून सरळ उकिडवे बसत. साठी उलटलेला माणूस, अंगात कोर्टाचा काळा कोट, आणि बसणं मात्र चुलीपुढं बसल्यासारखं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आला की बरं वाटतं, आणि कधी एकदा जातो असंही वाटतं.

हैदराबादला बरकतपुऱ्यात आमच्या समोरच राहायचे ते. मी नवी सून. सकाळी गच्चीवर तिळाचं तेल चोळून त्यांच्या बैठका सुरू व्हायच्या आणि तिथूनच आमच्या ह्यांना हाक, "मास्तर, वर या! सांध्यांची रोज विचारपूस करावी, नाहीतर म्हातारपणी रुसून बसतात." टांगेवाल्यालासुद्धा सोडलं नाही. "मियाँ, घोडे को रोज फिराते, अपने को कब फिराते?" तो बिचारा "हौ साब" म्हणून लगाम ओढायचा.

तेल कोमट करून द्यायच्या काकू. एकदा मी म्हटलं, "काकूंनाही शिकवा की." तर हसले. "बायकांना व्यायाम कशाला, पोरी? दिवसभर उठबस चालूच असते त्यांची." तेव्हा काकू ओल्या फरशीवर बसून भांडी घासत होत्या. अस्सा राग आला मला! पण नव्या सुनेनं बोलायचं कुणापुढं?

मग ते वर्ष आलं. देश स्वतंत्र झालेला, आणि आम्ही निजामाच्या राज्यात जीव मुठीत धरून. रझाकारांची रोज नवी बातमी. भाजी चिरता चिरता हात थांबायचा, दार वाजलं की आधी फटीतून बघायचं. गल्लीतल्या घरांना एकेक करून कुलपं लागली. आमचंही ठरलं: काका-काकूंना घेऊन काचीगुड्याला चालत जायचं आणि मनमाडची गाडी धरायची. टांगा कुठला मिळायला! काका खांद्यावर वळकटी टाकून फाटकात हजर. "चला, चला! पाय राखलेत कशासाठी?"

काकू ओट्याच्या पायरीवर भिंत धरून थांबल्या. गुडघा वाकेना, पाय खाली टेकेचना.

"तुम्ही जा. मी घर बघते."

"अगं, कालपर्यंत तर ठीक होतीस!"

"कालपर्यंत? अहो, गच्चीवर येऊन मला किती वर्षं झाली, ठाऊक तरी आहे का?"

काकांनी वळकटी खाली ठेवली. साऱ्या गल्लीला शहाणपण शिकवणारा माणूस, आणि घरचंच ठाऊक नाही! "मास्तर, निघा तुम्ही. गाडी चुकेल," एवढंच म्हणाले.

आम्ही निघालो. परक्या गावात माझं कशात मन लागेना. हैदराबादचं नाव निघालं की मी आधी काका-काकूंची चौकशी करायची.

भारताची फौज आली, निजामानं हात टेकले, आणि आम्ही परतलो. सामान दारात टाकून मी समोर धावले. दोघं सुखरूप होती! काकू खुर्चीवर, आणि काका खाली बसून त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होते.

"हळू! मी काय तुमचा साक्षीदार आहे, असं पिळायला?" काकू ओरडल्या.

काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, घरात चार गुडघे होते. मी दोनच जपले."

मग भांड्यांना बाई लागली. पाणी काका ओढू लागले. संध्याकाळी दोघं हळूहळू कोपऱ्यापर्यंत जायची. "म्हातारपणी शाळेत घातलंय मला," अशी काकूंची कुरकुर वाटभर चालू.

काही वर्षांनी काका गेले. सांधे शाबूत होते, छातीनंच दगा दिला. त्यांना उचललं तेव्हा सगळे काकूंना म्हणत होते, आतच बसा. काकूंनी कुणाचं ऐकलं नाही. कुणाचा हात न धरता त्या पायऱ्या उतरल्या आणि फाटकापर्यंत त्यांच्या मागं चालत आल्या.