पेन्सिलीची सही

सहादेव मास्तरांना कशाचीही किळस यायची. बोट बुडवून आणलेला चहा, साखर कारखान्याच्या मळीचा वास, पोरांनी जिभेवर ओली केलेली ब्रशची टोकं. देवळाली प्रवरेच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. रुमाल कायम नाकाशी, म्हणून पोरांनी नावच पाडलं होतं, रुमाल मास्तर.

त्यांच्या लेखी स्वच्छ अशी एकच जागा होती, कॉटखालची पत्र्याची पेटी. ओसाकाचा एक शाळामास्तर त्यांचा पत्रमित्र. मास्तर त्याला इकडची तिकिटं पाठवत, तो तिकडच्या चित्रकारांची ठशांनी छापलेली तळहाताएवढी चित्रं. महायुद्धानंतर तिकडे असे चित्रकार पुष्कळ निघाले. लाकूड स्वतःच कोरायचं, कागदावर स्वतःच दाबायचं. एकात काळं मांजर, एकात बर्फानं वाकलेलं छप्पर, एकात नुसतंच एक फळ. आणि प्रत्येकाखाली, कोऱ्या पांढऱ्या कडेवर, चित्रकारानं पेन्सिलीनं केलेली बारीकशी सही. मास्तर ती भिंगातून बघत. त्याआधी कोपरापर्यंत हात धूत.

"माझ्या बाळंतपणात सुईणीनं एवढे हात धुतले न्हाईत," त्यांची बायको छबूबाई पाणी ओतत म्हणायची.

"सुईणीच्या हातात असली चित्रं नव्हती."

"न्हाई. पोरगा हुता तुमचा."

एकाहत्तरच्या दिवाळीत शाळा समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब दारात आले. "मास्तर, कारखान्याच्या गळिताच्या मुहूर्ताला पाव्हणे यायलेत, आन् शाळंचा हॉल बोडका दिसतोय. तुमची ती जपानी चित्रं लावू चार दिवस. काचंत मी घालतो."

मास्तर नाहीच म्हणणार होते. पण इतक्या वर्षांत ही चित्रं बघायला कुणी मागितलीच नव्हती. त्यांनी सहा निवडली, पातळ कागदात गुंडाळली. "हात लावू देऊ नका कुणाला."

"कोन लावतंय," आप्पासाहेब म्हणाले आणि तंबाखूची पिंक अंगणातल्या तुळशीपाशी टाकून गेले. मास्तरांनी त्या जागेवर दोन बादल्या ओतल्या.

मुहूर्त झाला, पाहुणे गेले, तेव्हा मास्तर चित्रं आणायला हॉलमध्ये शिरले. चित्रं भिंतीवर ओळीनं होती. मांजराच्या पायाखाली, छपराखाली, फळाखाली, सहीच्या बरोबर जागी, लाल ऑइलपेंटमध्ये लिहिलं होतं: आप्पासाहेब यांजकडून सप्रेम भेट. तेल कागदात मुरून अक्षरांभोवती पिवळा ओघळ पसरला होता, जखमेवरच्या पट्टीसारखा. एका ओल्या अक्षरावर माशी चिकटून मेली होती आणि तिच्यावरूनच काच बसवली होती.

शिडीवर हैदर पेंटर शाळेच्या पंख्यांवर तेच नाव घालत होता.

"हैदर, इथं खाली काहीतरी होतं."

"व्हय, कुनीतरी पेन्सिलीनं गिचमिड केलेली. रबरानं साफ केली बघा. तशावर रंग धरत न्हाई."

"ती चित्रकाराची सही होती."

हैदर शिडीवरून खाली बघत राहिला. "मग मोठी करायची की. मी रंगवलेल्या टांग्यावर माझं नाव मारतो, ते पार राहुरीपासनं दिसतं."

मास्तरांनी रुमाल काढला.

तेवढ्यात आप्पासाहेब आलेच. "अहो मास्तर, शाळंत आलं ते शाळंचं. पंखं, बाकडी, पान्याचा माठ, नावाशिवाय काय हाय का? नाव नसलं की वस्तू चोरीची दिसती." मग मास्तरांच्या तोंडाकडे बघून जरा मऊ झाले. "बरं, रागावू नका. तुमचं बी टाकू. हैदर, खाली लिव्ह, मार्फत सहादेव मास्तर."

"नुसतं सहादेव?" हैदरनं ब्रश बुडवला. "का पुरं नाव?"

"सहादेव गोरक्षनाथ," मास्तर म्हणाले.

अगदी सहज म्हणाले. वर्गात हजेरीला पोरं म्हणतात तसं. मग आपलाच आवाज त्यांच्या कानावर आला. खाली जागा उरली नव्हती, म्हणून हैदरनं काच काढून 'गोरक्षनाथ' मांजराच्या शेपटीवरून नेलं. मास्तर उभे राहून बघत होते. थांब म्हणाले नाहीत.

घरी आले ते थेट मोरीवर. छबूबाईनं तांब्या घेतला.

"कशानं भरलेत हात?"

"रंगानं."

"कुठं हाय रंग? मला तर दिसंना."

मास्तरांनी पुन्हा साबण घेतला. "तू ओत," म्हणाले.