अर्धं बूच औषध

एम.एस्सी.च्या प्रबंधाला मी बेडूक हा विषय घेतला, तेव्हा वर्गातल्या पोरांनी वर्षभर मला 'डराव' म्हणून हाक मारली. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. फवारणीचा बेडकांवर काय परिणाम होतो याबद्दल जगभर झालेलं संशोधन वाचायचं, आणि जोडीला आपल्या भागातलं थोडं निरीक्षण करायचं, असं ठरलं होतं.

जुने लेख सगळे एकच विचारत: किती विष घातलं की निम्मी पिल्लं मरतात? नवे लेख विचारू लागले होते, जीव जाणार नाही इतकं थोडंच विष असलं तर? तर पाय वाकडे येतात, नीट पोहता येत नाही, शत्रू दिसला तरी पळायचं सुचत नाही. पण बेडूक सगळे परदेशी. आमच्या डबक्यातल्या बेडकाला कुणी विचारत नव्हतं, याचा मला भारी राग यायचा.

तुलनेसाठी फवारणीचं पाणी न पोचलेलं एक तरी डबकं हवं होतं. आमच्या भागात साखऱ्यापासून गोरेगावापर्यंत हिंडलो. जिथं पाणी, तिथंच लोक फवारणीचे पंप धूत. शेवटी आमच्याच शेताच्या वरच्या अंगाला, माळावर, मुरमाची जुनी खदान सापडली. गुडघाभर पाणी आणि काठाला काळ्या पिल्लांची नुसती बुजबुज. मी आनंदानं वेडा झालो.

"बाबा, इथं कुणाला येऊ देऊ नका. माझं समदं ह्याच्यावरच हाय," मी वडिलांना सांगितलं.

बाबा चौथी शिकलेले. पोराच्या अभ्यासात आपल्यालाही काम मिळालं, याचंच त्यांना अप्रूप. पाण्यावर शेळ्या आणल्या म्हणून ते सख्ख्या भावाशी भांडले.

पंधरा दिवसांनी आलो, तर पिल्लं कुशीवर पडून गोल गोल फिरत होती. काही पांढरी पोटं वर करून तरंगत होती. बाबा मात्र खुशीत होते.

"लांब पायाचे किडे तुझे पिल्लं खाऊन राहिले होते. म्हणून औषध टाकलं. आता एक किडा न्हाई बघ."

"औषध? कपाशीचं?"

"व्हय. किड्याचंच हाय ना ते, बेंडकाला काहून तकलीफ होईल? अन् जास्त न्हाई, अर्धंच बूच."

बाटलीवर कवटीचं चित्र असलं, तरी आमच्याकडे त्याला औषधच म्हणतात. मीही घरी तेच म्हणायचो. लेखांमध्ये शंभरदा वाचलेला 'विष' हा शब्द बाबांशी बोलताना एकदाही माझ्या तोंडी आला नव्हता. तरी त्या दिवशी मी त्यांना अडाणी म्हणालो, बांधापलीकडच्या काकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

बाबा धोतर खोचून पाण्यात उतरले आणि हलणारी पिल्लं ओंजळीनं विहिरीच्या पाण्याच्या घमेल्यात टाकू लागले. तिसऱ्या दिवशी घमेल्यात काहीच हललं नाही. प्रबंधात मी लिहिलं, 'तुलनेसाठी निर्विष पाणी उपलब्ध झाले नाही.'

पुढं मला कॉलेजात नोकरी लागली. बाबांनी खदानीजवळच्या तुकड्यात फवारणी कायमची बंद केली. दर पावसाळ्यात मी गावी गेलो की न विचारता सांगत, "आज बी गेलतो. एक बी न्हाई." तोवर खालच्या नाल्यातही बेडूक ऐकू येईनासे झाले होते, सगळ्या शिवारातच.

एका वर्षी त्यांनी विचारलंच, "माझ्या अर्ध्या बुचानंच गेले का रे समदे?"

आयुष्यभर मी जे वाचलं, त्याचं उत्तर सरळ होतं. नाही बाबा, गावोगाव पिंपानं ओतलं जातंय, तुमचं अर्धं बूच त्यात कुठं? पण ती खदान गेल्याचा राग माझ्या मनात अजून होता.

"जाऊ द्या आता," मी म्हणालो.

बाबांनी त्याचा अर्थ 'व्हय' असा घेतला. ते जाईपर्यंत मी तो बदलला नाही.