बाहेरची धुरपता

सिंदी स्टेशनची अर्धी वाट सरली होती. धुरपता पुढे चालत होती. डोक्यावर गाठोडं, हातात विळा. मी मागून चालत होते. घरी देवळात जाते म्हणून सांगितलं होतं. देवाच्या नावानं खोटं बोलले, तेही सलत होतं.

धुरपता छत्तीसगडची. तिकडच्या दुष्काळात नवऱ्यासोबत आली, त्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. नवरा आमच्याच गावी वारला. ती आमच्या शेतात कापूस वेचायची. वेचणीच्या पहिल्या दिवशी पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, दहीभात वाहतात, ती सीतादही. जिच्या हातून सीतादही, ती वेचणीत पुढे; बाकीच्या तिच्यामागे. आमच्याकडे तो मान धुरपताचा होता.

त्या साली, बावन्न साली, पावसानं दगा दिला. बोंडं मोजकी, वेचणाऱ्या बायका ढीगभर. गावच्या मनकर्णाबाईनं वावरातच सुनावलं, "गावच्या बायका उपाशी, अन् बाहेरच्या बाईले काम काऊन? हिच्या हाताचा निवद वावराले लागलाच नाई."

"मागल्या साली पिकलं, तवा कोनाचा हात होता व?" धुरपता म्हणाली. एकदोघी हसल्या.

"तोंड पाह्य हिचं. जाय आपल्या मुलखात, तिथं पिकव."

सासरे अण्णाजी मला म्हणाले, "सूनबाई, दह्याची वाटी मनकर्णाले दे. धुरपताले यंदा काम नाई."

मी दिली. मनकर्णाची लेकरं दोन दिवसांची उपाशी होती, हे मला ठाऊक होतं. पण धुरपतालाही एक ओळ वेचू द्या, एवढं म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

आम्हीच कामावरून काढली म्हटल्यावर दुसऱ्या कोणी तिला वावरात घेतलं नाही. तिच्या झोपडीच्या दाराची ताटीसुद्धा कोणीतरी सरपणाला उपसून नेली.

नाल्याशी ती थांबली. ओंजळीनं पाणी प्यायली.

"पुलगावले कापसाच्या जिनात, सरकी काढते तिथं, काम हाये म्हणते," ती म्हणाली.

"तुमच्या मुलखात कोणी नाही?"

"तिथं मले कोन ओयखते आता? माणूस तं इथं जाळला."

मग गाठोडं खाली ठेवून ती माझ्याकडे वळली.

"बाई, तुमी शाळा शिकल्या. मले एक चिठ्ठी लिहून द्या. तिथं मुकादम पयले गावच इचारते. लिहा का, धुरपता आमच्या गावची हाये. अन् खाली अण्णाजीचं नको, तुमचं नाव घाला."