अण्णांनी खोडलेलं कॉलेज

माझ्या हाताला गुण आहे, असं कोल्हापुरातली निदान चारशे म्हातारी माणसं सांगतील. त्या सगळ्यांच्या तोंडात मी बसवलेल्या कवळ्या आहेत. एकोणीस वर्षं मी हे कौतुक ऐकत आले, आणि खोटं कशाला बोलू, मिटक्या मारत ऐकत आले.

कवळ्या करायचे पार्श्वनाथ मगदूम, आम्हा दातांच्या डॉक्टरांचे अण्णा. मी पेशंटच्या हिरड्यांचं माप घ्यायचं, ते कळंब्याला अण्णांच्या लॅबमध्ये पाठवायचं, की आठ दिवसांत त्यावर बेतलेली कवळी डबीतून परत यायची. बारावीनंतर सांगलीत एका कारागिराच्या हाताखाली शिकलेला हा माणूस. बोलायला महाकंजूष. समोरचा हसला की चेहऱ्याकडे न बघता दातांकडे बघायचा. अमक्याचं लग्न ठरलं म्हटलं, की यांचं उत्तर, "त्यो व्हय, वरचा सुळा पुढं आलेला."

एकुलत्या लेकीने, ऐश्वर्याने, माप घेणारी डॉक्टर व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तिने नीटची परीक्षा तीनदा दिली. यंदा कसेबसे काठावरचे गुण पडले. प्रवेशाच्या दोन फेऱ्यांत कुठेच नंबर लागला नाही. तिसरी फेरी शेवटची, आणि चौथ्यांदा परीक्षेला बसणार नाही, हे पोरीने घरात ठणकावून सांगितलं होतं.

पसंतीची कॉलेजं भरायच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी मला बोलावून घेतलं. प्लास्टरने पांढऱ्या पडलेल्या त्यांच्या टेबलाशी बसून मी औषधाच्या चिठ्ठीवर सहा नावं लिहिली. पाच कॉलेजं तिच्या आवाक्याच्या जरा बाहेरचीच होती. सहावं माझं स्वतःचं. लांबचं, फारसं नावाजलेलं नाही, पण तिथे काठावरच्यांचाही नंबर लागतो.

"हे शेवटी ठेवा, अण्णा. बाकी कुठे नाही झालं तरी इथे नक्की होईल. मी नाही का तिथेच शिकले?"

अण्णांनी शेवटच्या नावावर बोट ठेवलं. "तुमी तितल्या व्हय," एवढंच म्हणाले. तेवढ्यात वरच्या घरातून त्यांच्या बायकोची, प्रभावतीवहिनींची हाक आली. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांच्या जैन घराचा नेम. अण्णा चिठ्ठी खिशात घालून जेवायला गेले आणि मी घरी आले.

दहा दिवसांनी यादी लागली. ऐश्वर्याचं नाव कुठेच नव्हतं. मी माझ्या कॉलेजची यादी उघडली. यादीतल्या शेवटच्या मुलीला ऐश्वर्यापेक्षा अकरा गुण कमी होते.

पेशंट तसेच बसवून ठेवून मी तडक कळंबा गाठलं. डोकं तापलं होतं.

"अण्णा, सहावं नाव भरलं नाहीत?"

अण्णा दिव्यावर मेण तापवत होते. त्यांनी मान वर केली नाही. उत्तर ऐश्वर्याने दिलं. "न्हाय की. अण्णांनी खोडलं. म्हणाले, तितं शिकून आलेल्यांची मापं कशी येत्यात ते मला ठावं हाय. पोरीचा हात बिघडंल."

"ऐश्वर्या, गप!" अण्णा ओरडले.

त्या कॉलेजातून शिकून अण्णांकडे माप पाठवणारी कोल्हापुरात मी एकटीच आहे.

माझी नजर फळीवर गेली. तिथे मापांवरून केलेले प्लास्टरचे साचे मांडलेले असतात. इतक्या वर्षांत मी ते कधी हातात घेऊन पाहिले नव्हते. आज पाहिले. माझ्या नावाची चिठ्ठी असलेल्या जवळजवळ प्रत्येक साच्याच्या कडेला लाल मेणाची पट्टी चढवलेली होती. माझं माप जिथे तोकडं पडलं, तिथे अण्णांनी अंदाजाने भर घातली होती. इतर डॉक्टरांच्या साच्यांवर असलं काही नव्हतं. चारशे माणसांनी वाखाणलेला हात त्यांचा होता.

"एकदा तरी सांगायचंत, अण्णा."

"तुमी डाक्टर. तुमास्नी मी काय सांगू?" मग आवाज पार खाली गेला. "बाकीच्या पाचांत एक तरी मिळंल असं वाटलं वो."

मला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या भरात मी खरं बोलून गेले. "अण्णा, कॉलेजने मला नीट शिकवलं होतं. मापाचं मिश्रण तोंडात पुरतं घट्ट होईपर्यंत थांबायचं, हे तिथेच शिकले. बाहेर पेशंट ताटकळले की मीच ते लवकर काढते. घाई माझी आहे."

हे सांगायला नको होतं. तोवर निदान लेकीला वाईट कॉलेजापासून वाचवल्याचं समाधान तरी त्यांच्याजवळ होतं. अण्णांनी दिवा विझवला.

ऐश्वर्या आता अण्णांच्या त्याच टेबलाशी बसून कवळ्या करते. गेल्या आठवड्यात, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, माझं माप परत आलं. सोबत तिची चिठ्ठी होती, "मॅडम, डावीकडची कड आलेली नाही. परत घ्या."

ते माप ज्यांचं होतं त्या आजींना मी परत बोलावलं आणि यावेळी पूर्ण वेळ थांबले. पोरीचं म्हणणं बरोबर होतं. तिची ती नजर मला कॉलेजात पाच वर्षं काढूनही आली नाही, आणि तिला आता कुठल्याच कॉलेजात जायचं नाही.