चात्तुण्णीच्या नावावरचा उलटा राजा

गावात कुणी नमस्कार केला, तरी चात्तुण्णी आधी त्याचं तोंड न्याहाळायचा. हा मनातल्या मनात हसत तर नाही ना? चाळीस वर्षं झाली, संशय काही जाईना. आणि का जावा हो? ज्याने जन्मात एक कागद वाकडा छापला नाही, पोस्टाची तिकिटं जमवणारे लोक एक उलटं तिकीट त्याच्याच नावाने ओळखत होते!

माणिकपुरमला राजा होता तेव्हाची ही गोष्ट. चात्तुण्णी संस्थानच्या छापखान्यात यंत्रावर होता. पोस्टाची तिकिटं दोन रंगांत निघायची. आधी हिरवी वेलबुट्टीची चौकट, ती वाळली की मधोमध राजाचं काळं डोकं. घाईत बघणाऱ्याला चौकट खालून-वरून सारखीच. म्हणून डोकी छापण्याआधी चात्तुण्णी गठ्ठ्याचा वरचा एक कोपरा सुरीने छाटायचा. छाटलेला कोपरा बोटाला लागला, की कागद सुलट.

त्या वर्षी राजाची साठी ऐन दसऱ्याला आली. साठीच्या खास तिकिटांच्या चौकटी छापून झाल्या होत्या. अष्टमीच्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आपापली हत्यारं सरस्वतीपुढे मांडली, चात्तुण्णीने सुरी ठेवली, यंत्राला हार घातला. आता दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही. आमच्याकडे लोहारसुद्धा लावत नाही.

नवमीला छापखान्याचे मुख्य राघव मेनोन दारात येऊन उभे. "चात्तुण्णी, चल. आजच्या आज डोकी छापायचीत."

"साहेब, सुरी देवीपुढे आहे. उद्या पूजा उचलली की लगेच लागतो कामाला."

"देवी मोठी की राजा?"

"ते राजालाच विचारा की! तोही आज तलवार पूजेत ठेवून बसलाय."

मेनोन लालबुंद झाले. त्यांनी आपल्या लाडक्या भाच्याला यंत्रावर बसवलं. कोपरे छाटलेलेच नव्हते, आणि भाच्याला कोपऱ्याचं सोयरसुतक नव्हतं. एक अख्खा गठ्ठा उलटा गेला. आठवड्याभरात बाजारात बोभाटा झाला, की महाराज तिकिटावर शीर्षासन करताहेत!

मग काय? यंत्र चात्तुण्णीचं, म्हणून चूक चात्तुण्णीची. तो बडतर्फ, आणि भाच्याला बढती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! चात्तुण्णी चव्हाट्यावर उभा राहून घसा फुटेस्तोवर ओरडला. लोकांनी ऐकलं आणि आपापल्या वाटेने गेले. पुढे त्याने लग्नपत्रिका छापायचं लहानसं दुकान टाकलं, तिथेही गिऱ्हाईक दात काढायचं, "चात्तुण्णी, नवरीला खाली डोकं वर पाय नको हं!"

आणि आता हे वर्की डॉक्टर त्रिशूरहून मोटार घेऊन दारात. तिकिटांचं प्रदर्शन भरवणारे.

"तुमचा सत्कार करायचाय! 'चात्तुण्णी उलटा' म्हणजे आमच्यात केवढं नाव आहे, ठाऊक आहे?"

"उलटा कोण? मी?" चात्तुण्णी ताडकन उठला. "ती चूक माझी नाही! ते नाव आधी काढा."

"आता कसं काढणार? सगळ्या सूच्यांमधून छापलं गेलंय."

"चुकीचं छापलं म्हणून मला हाकललं. तुमच्या सूचीवाल्याला कुणी हाकललं?"

चात्तुण्णीची बायको कल्याणी चहाचे पेले घेऊन आली. "जा हो तुम्ही. इथे भिंतीला ऐकवता, ते तिथे माणसांना ऐकवा. मीही येते."

तेवढ्यासाठी तो गेला. सभागृह भरलेलं. व्यासपीठावर काचेच्या चौकटीत ते तिकीट, चौकटीच्याच खालच्या कडेला पितळी पट्टीवर ठळक अक्षरांत 'चात्तुण्णी उलटा'. चात्तुण्णीने सुरी, पूजा, भाचा, सगळं सांगितलं. लोक ऐकत होते खरे, पण कौतुकाने, नातवाचे बोबडे बोल ऐकावेत तसे. शेवटी टाळ्या! वर्की डॉक्टर शाल उलगडत म्हणाले, "वा! आता तर या 'चात्तुण्णी उलटा'ची गोडी आणखी वाढली!"

चात्तुण्णीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने शाल बाजूला सारली, सरळ त्या चौकटीपाशी गेला, दोन्ही हातांनी ती उचलली आणि खालची बाजू वर करून ठेवली. राजा सुलट झाला. हिरवी वेलबुट्टी उलटी झाली, आणि वर पितळी पट्टीवरचं चात्तुण्णीचं नाव खाली डोकं वर पाय.

"हे बघा," तो म्हणाला. "राजा चार दिवस उलटा होता. मी चाळीस वर्षं असा आहे. त्याचं तेवढं तुम्हाला दिसलं."

या खेपेला टाळ्या आल्या नाहीत. वर्की डॉक्टर गडबडीने चौकट सरळ करायला पुढे झाले. तोच पहिल्या रांगेतून कल्याणी उठली.

"हात लावू नका डॉक्टर," ती म्हणाली. "पूजेत ठेवलंय समजा. आधी ती पट्टी बदलून आणा, मग उचला."

डॉक्टरांनी हात मागे घेतला.